टपरीवरचा मोबाइल आणि बाल न्याय मंडळ

मे 2024 मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला लिहायला सांगितलेला ‘तीनशे शब्दांचा निबंध’ घरोघरी पोचला. बाल न्याय मंडळ म्हणजे निबंध लिहून घेऊन सोडून देणारी जागा, असं तेव्हापासून अनेकांचं मत झालं. तो निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. मंडळाचं रोजचं काम त्यावरून कळत नाही.

समजा, सोळा वर्षांच्या मुलाने टपरीच्या फळीवरचा मोबाइल उचलला आणि पकडला गेला. पहिल्या साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत कमाल तीन वर्षं कैद आहे, आणि 2015 चा बाल न्याय कायदा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे ‘किरकोळ’ धरतो. हाच मोबाइल कोणाच्या घरातून किंवा एसटीतून उचलला असता तर कलम 305 लागलं असतं, कमाल सात वर्षं. म्हणजे गुन्हा ‘गंभीर’. मुलगा तोच, मोबाइल तोच. मला हा भेद कागदीच वाटतो, पण पुढची वाट त्यावर ठरते.

प्रकरण ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे जातं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआरही होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो आणि आईवडिलांना तारीख कळवली जाते. ताब्यात घेतलंच, तर 24 तासांत मंडळापुढे हजर करायचं.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात; त्या दोघांत एक तरी महिला हवीच. कामकाज न्यायालयाच्या आवारात चालवायचं नाही, असा नियम आहे.

खरा कस लागतो तो परिविक्षा अधिकाऱ्याचा. पंधरा दिवसांत त्याने मुलाची सामाजिक चौकशी करून अहवाल द्यायचा असतो. घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली आणि का, व्यसन आहे का, मोबाइल कोणाला विकायचा होता, चोरीला पाठवणारा मागे कोणी मोठा आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण उत्तर ‘हो’ आलं तर हा मुलगा स्वतःच कोणाच्या तरी हातचा बळी असू शकतो. घरी न जाता टेबलावर बसून भरलेल्या अहवालात हे येत नाही. मग मंडळही अंदाजानेच आदेश देणार.

किरकोळ प्रकरण संक्षिप्त पद्धतीने चालतं. चौकशीला चार महिने, फार तर आणखी दोन. तेवढ्यातही ती पुरी झाली नाही, तर किरकोळ गुन्ह्याचं प्रकरण तिथेच संपतं.

गुन्हा केल्याचं दिसलं तर मुलाला आणि पालकांना समज देऊन घरी पाठवता येतं, गटसमुपदेशन लावता येतं, दंड करता येतो. चौदा वर्षांवरच्या मुलाला समाजसेवा देता येते: बागेची निगा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक. चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेऊन तीन वर्षांपर्यंत पालकांच्या देखरेखीखालीही सोडता येतं. विशेष गृहात पाठवण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण टपरीवरच्या पहिल्या मोबाइलसाठी तो वापरावा असं कोणी शहाणा म्हणणार नाही.

पुढे नोकरीचं काय, ही पालकांची पहिली काळजी. अशा निकालाने मुलावर कोणतीही अपात्रता येत नाही. प्रकरण संपल्यावर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ते उघड करायचं नाही, असं कलम 74 सांगतं. नाव किंवा फोटो छापणं हाही गुन्हा आहे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीसीटीव्हीचं चित्र फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्या ओळखीत कोणावर ही वेळ आली, तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. वय ठरवण्याच्या कायद्यातल्या यादीत आधार कार्ड नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आणि तारीख चुकवू नका.