धिरड्यातलं पुरण

मैत्रिणींनो, आपल्या घरात धिरड्याला काही मान नाही, खरं की नाही? जावई आला की पुरणपोळी, व्याही आले की पुरणपोळी, सणाला तर पुरण हवंच. आणि धिरडं कधी? तर भाजी नसली की, भाकरी थापायचा कंटाळा आला की, नाहीतर घरात कुणाचं पोट बिघडलं की! उन्हाळ्यात आंब्याचा रस असला तर तेवढ्यापुरता त्याला थोडा भाव येतो, बस्स.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले असतील. माझा भाऊ न कळवता येरमाळ्याला आला. घरात होतं-नव्हतं ते पीठ कालवून मी त्याला गरम गरम धिरडी घातली, सोबत गुळवणी केली. पोटभर जेवला आणि माहेरी जाऊन सांगितलं काय, तर "ताईनं धिरड्यावर बोळवलं." थट्टाच होती ती. पण मला कितीतरी वर्षं बोचत होती. तेव्हापासून मी ठरवून टाकलं, की पाहुण्याच्या ताटात धिरडं वाढायचं नाही.

हा माझा पण मोडला तो २०२२ सालच्या चैत्री पौर्णिमेला. आणि मोडला माझ्या लेकीनं.

लेक युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती, चेर्निवत्सी नावाच्या गावात. एक एकर रान विकून आम्ही तिला २०१९ साली पाठवलं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला तिकडे लढाई सुरू झाली आणि आमच्या घरातली चूल जणू विझलीच. टीव्हीसमोरून ह्यांना उठवत नव्हतं. सासूबाई - आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो - दिवसातून चारदा डोंगराकडे तोंड करून येडाईला हात जोडायच्या. चेर्निवत्सीपासून रोमानियाची हद्द साधारण ४० किलोमीटरवर. मुलं बसनं निघाली, गर्दीमुळं बस पुढं सरकेना, म्हणून शेवटचं अंतर बर्फातून पायी तुडवलं. मग रात्रभर रांगेत उभं राहणं. पलीकडे रोमानियातलं सिरेत. तिथून बुखारेस्ट आणि मग सरकारच्या 'ऑपरेशन गंगा'च्या विमानानं मुंबई. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोरगी घरी आली.

आली, पण बोलेना. खोलीत बसून राहायची. शेजारणी यायच्या, "आता पुढं काय गं?" असं विचारायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं, पण त्या प्रश्नाला आमच्याकडे तरी कुठं उत्तर होतं? अर्धवट डॉक्टरकी, गेलेलं रान आणि लेकीचं उतरलेलं तोंड. मी रोज तिच्या आवडीचं काहीतरी करायची. ताट तसंच परत यायचं.

त्यातच येडेश्वरीची यात्रा आली. १६ एप्रिलला पौर्णिमा होती. कोरोनाची दोन वर्षं गेल्यावरची यात्रा, म्हणजे गर्दीला काय विचारता! तुमच्यापैकी जिनं ही यात्रा पाहिली असेल, तिला मी काय सांगू? पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते, वाटेत लोक चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखीवर वाहतात. त्या दिवसांत गावातल्या घराला दार असं राहतच नाही. बीडचे, लातूरचे, बार्शीचे, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे आपलेच.

आमच्या घरी चार किलो डाळीचं पुरण घातलं होतं. दुपारपासून पोळ्या लाटून माझे आणि जावेचे खांदे भरून आले. रात्री नऊ वाजता भिजवलेली कणीक संपली. पातेल्यात पुरण मात्र बरंच उरलेलं. "झालं एकदाचं," म्हणून मी पाठ टेकली, तोच अंगणात जीप थांबली. ह्यांच्या मावसभावाच्या सासरची माणसं. बाया, पोरं धरून अकराजण आणि सगळे दिवसभराचे उपाशी.

आता कणीक मळायची कधी, मुरायची कधी आणि लाटायची कुणी? मी पुरणाच्या पातेल्याकडे बघत नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला, "आई, सरक. पीठ कुठं आहे?"

सहा आठवड्यांत ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली होती! मी मुकाट्यानं डबा दिला. तिनं गव्हाच्या पिठात दूध-पाणी घातलं, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर घातली आणि ताकासारखं पातळ कालवलं. बिडाचा तवा तापत ठेवला. कांदा अर्धा कापून सुरीला टोचला, तेलात बुडवून तव्यावर फिरवला आणि वाटीभर पीठ ओतून तवाच गोल फिरवला. पहिलं धिरडं चिकटलं. उलथन्यानं काढताना त्याचा गोळा झाला. माझा जीव खालीवर. पण पोरगी चक्क हसली! म्हणाली, "आई, तिकडं म्हणच आहे, पहिलं धिरडं गोळाच होतं म्हणून."

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात तिकडचं काय गं माय? पहिलं धिरडं तव्याचंच असतंय. त्याला आधी खाऊ द्यावं, मंग त्यो आपल्याला देतोय."

दुसरं धिरडं सुटलं. तिसरं जाळीदार, पातळ. लेकीनं त्यावर पुरणाचा लांबट गोळा ठेवला, दोन्ही बाजू आत मुडपल्या, वळकटीसारखी गुंडाळी केली आणि तुपावर पुन्हा जरा परतली. "आत्याबाई, धिरड्यात पुरण चालतं का हो?" मी भीतभीत विचारलं. "देवीचा निवद सकाळीच झालाय," त्या म्हणाल्या, "आता उपाशी माणसाला वाढाया काय बी चालतंय. वाढ."

अकराजण जेवले. त्यातल्या एकीनं जाताना मला विचारलं, "वहिनी, ही पुरणाची कोणती हो नवी तऱ्हा?" भावानं बोळवलेलं धिरडं मला त्या रात्री परत मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

भांडी घासून झाल्यावर लेक ओट्याशी बसली आणि पहिल्यांदाच भडाभडा बोलली. तिच्या होस्टेलच्या दारावर एक म्हातारी बसायची. तिकडे आजीला 'बाबुस्या' म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात लेक घरच्या आठवणीनं रडत होती, तेव्हा त्या आजीनं तिला आपल्या खोलीत नेऊन 'नालिस्निकी' करायला शिकवली. म्हणजे काय, तर आपलं पातळ धिरडं आणि आत पनीरसारखं ताजं चीज, साखर, मनुका. तीही म्हातारी तव्याला तेल लावायला अर्धा बटाटा काट्याला टोचून घ्यायची!

आणि हद्द ओलांडल्यावर सिरेतला काय झालं? थंडीनं बोटं वळत नव्हती. रोमानियातल्या बाया रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून उभ्या होत्या. एकीनं काही न विचारता तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं गरम काहीतरी दिलं. उघडून बघते तर धिरडं, आत जर्दाळूचा मुरंबा. "आई, मला भाषा येत नव्हती. मी नुसती खात होते आणि रडत होते. ती बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, अगदी आजीसारखा." हे ऐकून मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग मलाच नाद लागला. या धिरड्याचा पत्ता कुठवर लागतो, ते मी लेकीला विचारत गेले. रशियात याला ब्लिन म्हणतात. पोलंडमध्ये नालेश्निकी, हंगेरीत पालाचिंता, सर्बिया-क्रोएशियात पालाचिंके. यातल्या पालाचिंताचं मूळ लॅटिन 'प्लासेंटा' या शब्दात आहे. प्लासेंटा म्हणजे चपटी पोळी. बाळंतपणात जी वार पडते, तिला डॉक्टर प्लासेंटा म्हणतात ना? तेच नाव! आकार चपटा, गोल, म्हणून. पोटातल्या बाळाला जेवू घालणाऱ्या वारेला पोळीचं नाव मिळालं, हे ऐकून आत्याबाईंनी कपाळाला हात लावला आणि खूप हसल्या.

रशियात मोठ्या उपवासाच्या आधीच्या आठवड्याला मास्लेनित्सा म्हणतात. मांस बंद झालेलं असतं, पण दूध, लोणी, अंडी चालतात. म्हणून आठवडाभर घरोघर ब्लिन. बुधवारी सासू जावयाला ब्लिन खायला बोलावते, अगदी आपल्या धोंड्याच्या महिन्यासारखं! आणि शुक्रवारी जावयानं सासूला बोलवायचं. (ही पद्धत मात्र आपल्याकडे आणायला हवी, काय म्हणता?) शेवटी गवताची बाहुली जाळतात, आपल्या होळीसारखी, आणि रविवारी एकमेकांची क्षमा मागतात. २०२२ साली हा आठवडा २८ फेब्रुवारी ते ६ मार्च असा होता. म्हणजे आमची पोरं जीव मुठीत घेऊन हद्दीवर उभी होती, नेमका तोच!

आणि आपणही काही मागे नाही हं. कोकणात गौरीला घावन-घाटलं, गोव्यात गूळ-खोबरं भरलेलं 'आले बेले', बंगालमध्ये संक्रांतीला तसंच सारण भरलेला पाटीसाप्टा. खानदेशात खापरावरचे पुरणाचे मांडे. मुक्ताईच्या मांड्यांची गोष्ट तर आपण लहानपणीच ऐकलेली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथातही खापरावर भाजलेल्या मंडकाची कृती आहे. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या उमरग्यापासून फार लांब नाही.

लेकीचं पुढं काय झालं? सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं युक्रेनच्या मुलांना दुसऱ्या देशात शिक्षण पूर्ण करायची परवानगी दिली. ती जॉर्जियाला गेली आणि पदवी घेऊन आली. पण इथं डॉक्टरकी करायची तर परदेशात शिकलेल्यांना एक परीक्षा द्यावी लागते. तीनशेपैकी दीडशे गुण हवेत. पहिल्या खेपेला तिला १४१ पडले. निकालाच्या दिवशी मला वाटलं, पुन्हा खोलीचं दार लागतंय की काय. पण आत्याबाईंनी तिला हाक मारली, "अगं, पहिलं धिरडं तव्याचं. पीठ संपलंय व्हय आपलं?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिच्या खोलीत दिवा लागलेला मी पाहिला.

आता तिची ती कृती देते. एक वाटी मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, दोन वाट्या दूध, चालत असेल तर दोन अंडी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, दोन चमचे तेल. गुठळ्या मोडून पीठ अर्धा तास झाकून ठेवा. अंडं चालत नसेल तर दोन चमचे बेसन आणि लागेल तसं थोडं पाणी घाला. तवा चांगला तापू द्या, मग आच मध्यम करा. पीठ कमीच घाला आणि तवा फिरवून पसरा. कडा सुटल्या की उलटा. आत कुस्करलेलं पनीर, साखर आणि मनुका, नाहीतर आपलं पुरण. गुंडाळून तुपावर परता.

पहिलं बिघडलं तर टाकू नका. ते मी खाते, ओट्याशी उभी राहून, कुणी बघायच्या आत.