वेणी कुणाच्या हाताची? : फॅशन, बाजार आणि कोल्हापुरी पायताण

मला चांगल्या कपड्यांची आवड आहे. फॅशनचीही आहे. चळवळीतल्या मित्रमैत्रिणींपुढे हे सांगताना आजही थोडा संकोच होतो, कारण फॅशन म्हणजे पैसेवाल्यांचा चाळा असा आपल्याकडे पक्का समज आहे. झब्बा, खांद्याला शबनम पिशवी आणि पायात कोल्हापुरी चप्पल हा १९७०च्या दशकातल्या कार्यकर्त्याचा वेश. तो साधेपणाचा मानला गेला. पण तीही एक फॅशनच होती. त्या वेशातली चप्पल ज्या घरांत शिवली जात होती, त्यांपैकी एका घरातून मी आले आहे. माझ्या घरातली मी पहिली पदवीधर. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजते.

निमित्त घडले ते माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचा कार्यक्रम केला. त्यात तरुणांच्या पायांत जे पादत्राण होते, ते पाहताच आमच्या भागातल्या लहान पोरानेही ओळखले असते. तोच अंगठा, तोच पट्टा, तोच सपाट तळ. कंपनीने मात्र ती नुसती चामड्याची सँडल म्हणून दाखवली. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. एका जोडाची किंमत लाखाच्या वर असेल, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून सुरू झाली. तेव्हा तो मुलगा तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आपण याचा अभिमान बाळगायचा की राग धरायचा?" 'आपण' हा शब्द त्याने हळू आवाजात उच्चारला. मी त्याचे आडनाव पाहिले आणि मला सगळे कळले.

त्याला उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

वेश ही आपल्या समाजात कधीच केवळ आवडीची बाब नव्हती. कोणी काय नेसावे, कुठपर्यंत नेसावे, कोणता दागिना घालावा, पायात काय घालावे, हे जातीने ठरवलेले होते. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले, तेव्हा कुठे १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली. महाराष्ट्रात अस्पृश्य स्त्रीचे लुगडे वर खोचलेले असावे आणि तिचे दागिने हलक्या धातूचे असावेत, म्हणजे ती दुरूनच ओळखता यावी, अशी रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा पाण्याच्या हक्काबरोबर लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरही ते बोलले. अस्पृश्यतेची खूण अंगावर वागवू नका, असा त्याचा आशय होता, आणि बायकांनी तो तत्काळ अमलात आणला. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत आली, तीही एक घोषणाच होती. ज्यांच्या पेटाऱ्यात रेशीम होते, त्यांना खादीचा पंचा नेसून त्याग करता आला. ज्यांच्या अंगावर धड वस्त्रच नव्हते, त्यांच्या नेत्याने सूट घातला. तो त्यांना आपला वाटला, तो का, हे वेगळे सांगायला नको.

माझा आजा पाटलाच्या वाड्यासाठी पायताणे शिवायचा. करकर वाजणारी, नक्षीची. पण त्याच वाड्यासमोरून जाताना स्वतःच्या पायातले पायताण त्याला हातात घ्यावे लागे. हे त्याने रागाने सांगितले नाही, रीत म्हणून सांगितले. जो हात ती वस्तू घडवतो, त्याच हाताच्या माणसाने ती वापरायची नाही. माझ्या मते आपल्याकडच्या फॅशनचा इतिहास येथून सुरू होतो.

मी एम.ए.साठी मुंबईला गेले, तेव्हा आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटने मला नवीन माणूस केले. परदेशी पाठवायचा माल काही बारीक खोट निघाली किंवा जास्त झाला म्हणून तेथे ढिगाने विकला जातो. घासाघीस करून घेतलेला शर्ट घालून मी लोकलमध्ये चढले की माझी जात कोणाला दिसत नसे. रस्त्यावरच्या फॅशनचा हा गुण मी कधी विसरणार नाही. पुण्याच्या तुळशीबागेत, फर्ग्युसन रस्त्यावर, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर वस्तीतली मुलगी आणि बंगल्यातली मुलगी एकाच हातगाडीवरचे झुमके घेतात. बाजार तेवढ्यापुरता तरी दोघींना सारखे मोजतो.

पण त्या काळात मी कोल्हापुरी घातली नाही. गावाकडून आईने पाठवलेला जोड खोलीतल्या पलंगाखाली पडून राहिला. "तुमच्याकडे हेच करतात का?" असे कोणी विचारील, याची भीती होती. पुढे नोकरी लागली, पगार झाला. एकदा एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात काचेआड मला तीच चप्पल दिसली. वर एका डिझायनरचे नाव होते आणि किंमत होती साडेसहा हजार. मी ती घेतली. घरात पडलेली चप्पल घालायची मला लाज वाटत होती, आणि तीच दुसऱ्याचे नाव लागल्यावर मी पगाराच्या पैशाने विकत घेतली. ही गोष्ट मी कबूल करते, कारण हा रोग माझ्या एकटीचा नाही.

सुट्टीत गावी गेले. आईने चप्पल हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यावरून बोट फिरवले. मग खोक्यातले कार्ड मला वाचायला लावले. त्यावर डिझायनरचा परिचय होता आणि खाली एक ओळ होती, की ही चप्पल कुशल कारागिरांच्या हातांनी घडवली आहे. आई म्हणाली, "वेणी हातची हाय. पर कुणाच्या हातची, त्ये लिवलंय का कुठं?"

आईने आयुष्यभर वेण्या घातल्या. म्हणून तिला हा प्रश्न सुचला. कोल्हापुरी कशी होते, ते वापरणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. कातडे चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. या कमावण्यात दिवसच्या दिवस जातात, आणि त्याचा वास घराला, अंगाला, मुलांच्या दप्तराला चिकटतो. मग रापीने तळ कापायचा, थर ठोकून बसवायचे, बाजूचे कान लावायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल जोडात खिळा नसतो. अंगठ्याची आणि पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक बायका घालतात, घरचे काम उरकून, जोडावर पैसे ठरवून. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम एका जातीकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, शिवण्याचे चर्मकारांकडे. वर विकणारा वेगळाच. जातिव्यवस्थेने कामे वाटली नाहीत, कामगारच वाटून टाकले आणि एकाच्या डोक्यावर दुसरा बसवला, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. एका चपलेत ती सारी उतरंड पाहता येते.

आता या उतरंडीवर आणखी एक पायरी चढली आहे. तिचे नाव 'डिझायनर'. डिझाइन म्हणजे डोक्याचे काम, शिवणे म्हणजे हाताचे. डोक्याला नाव आणि स्वामित्व, हाताला जोडावर मजुरी. पण पट्टा कुठे आवळायचा, टाच किती उचलायची, उन्हात आणि ढेकळात कोणता तळ टिकेल, हे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ठरवले, त्याने डोके वापरले नाही काय? रस्त्यावर विकली की 'चप्पल', काचेआड ठेवली की 'डिझाइन', हा फरक वस्तूत नाही. ती कोणाच्या नावावर आहे, यात आहे.

कायदा येथे काय करतो, तेही समजून घेतले पाहिजे. १९९९च्या कायद्याखाली कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. पण हे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे करत नाही. दुसऱ्या कुणी 'कोल्हापुरी' म्हणून विकले, तर अडवता येते. तोच घाट उचलून नावच घेतले नाही, तर कायद्याचा हात तोकडा पडतो. शिवाय हे मानांकन भारताच्या हद्दीपुरते आहे. आकृतीची नोंदणी करावी म्हटले, तर तो कायदा नवीनपणा मागतो, आणि पिढ्यांची वस्तू नवीन कशी असेल? म्हणजे जे सर्वांत जुने ज्ञान, तेच कायद्याच्या नजरेत बेवारस ठरते.

आणखी एक गोष्ट. या मानांकनाचे नोंदणीकृत धनी चर्मकार नाहीत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे त्याच कामाचे महामंडळ, अशी दोन सरकारी महामंडळे धनी आहेत. प्रत्यक्ष कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर ती मानांकनाच्या धन्याने मागावी, असा त्यामागचा मुख्य मुद्दा होता.

ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलेवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनी आणि ही दोन महामंडळे यांच्यातला करार जाहीर झाला. महाराष्ट्र-कर्नाटकात २००० जोड तयार करायचे, किंमत सुमारे ८०० युरो, आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद. हे लढ्याने मिळाले, ते मी कमी लेखणार नाही. पण मी वाचलेल्या बातम्यांत 'महाराष्ट्राचा वारसा', 'कोल्हापूरची शान' हे शब्द फार होते, आणि 'चर्मकार', 'ढोर' हे शब्द फार थोडे होते. वारसा सगळ्यांचा आणि वास मात्र आमचा, अशी ही वाटणी आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याचा पुरवठा आटला, तेव्हा या शानेची आठवण किती जणांना झाली? २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले, तेव्हा हा वारसा कोणाचा होता?

येथे आपल्यातलेच कार्यकर्ते एक रास्त शंका काढतील. जातीने लादलेला धंदा सोडा, हे तर आपल्या चळवळीने शिकवले. मग या चपलेचा गौरव कशाला? शंका खरी आहे. 'परंपरा जपा' असे सांगणारे लोक बहुधा कधी ऐरणीपुढे बसलेले नसतात. माझ्या भावाने रापी खाली ठेवली, याचा मला आनंदच आहे. पण धंदा सोडणे वेगळे आणि ज्ञान फुकट देऊन टाकणे वेगळे. ज्याला सोडायचा त्याला सोडता आला पाहिजे, ज्याला करायचा त्याला मालक म्हणून करता आला पाहिजे, आणि कोणत्याही जातीच्या पोराला तो शिकता आला पाहिजे. तेव्हाच तो धंदा जातीचा राहणार नाही. सुधीर राजभर या कलावंताने धारावीतल्या कारागिरांना घेऊन उद्योग काढला आणि त्याला 'चमार' हेच नाव दिले. चामड्याची अडचण झाली, तेव्हा जुन्या रबरापासून माल केला. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्याने मालावर छापला. मला ती वाट विचार करण्याजोगी वाटते.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे सांगितले, की अभिमान आणि राग दोन्ही नंतर पाहू, आधी हिशेब मागू. ८०० युरोंतले वेणी घालणाऱ्या बाईला किती? अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत तिचे नाव आहे, की फक्त नवऱ्याचे? प्रशिक्षणाला कोणाची मुले जाणार? डिझाइन शिकवणाऱ्या मोठ्या संस्थांत आपली किती मुले पोचतात? शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात एवढी विचारपूस केली, अर्ज भरायला मदत केली, तरी पुष्कळ काम होईल.

माझ्या बारावीच्या फीसाठी आईने किती जोडांच्या वेण्या घातल्या, त्याचा हिशेब तिने भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवला होता. तिला लिहिता येत नव्हते, पण हिशेब येत होता. आता मी तिनेच वेणी घातलेली कोल्हापुरी घालून वर्गात जाते. कोणी विचारले, की कुठून घेतली, तर मी दुकानाचे नाव सांगत नाही. आईचे नाव सांगते.