केळीचा खांब रात्रभर ताजा कसा राहतो?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते. चोपडा तालुक्यात त्या सकाळी केळीचे खांब मोटारसायकलवर आडवे धरून, बैलगाडीत घालून गावात येत असतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, पश्चिमेला अनेर आणि मधल्या शिवारात केळीच केळी, त्यामुळे खांबासाठी फार दूर जावं लागत नाही. देवीच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना खांब उभे राहतात, भाऊबंद जमतात, नैवेद्याच्या रोटांचा वास घरभर पसरतो. रात्रभर जागरण चालतं आणि सोमवारी सकाळी कानबाईला निरोप दिला जातो.

या साऱ्या वेळात त्या खांबाला मूळ नसतं. दिव्यांची धग, पंख्याचा वारा आणि माणसांची गर्दी सोसूनही सोमवारी सकाळी त्याची पानं बहुतेक हिरवीगार असतात. गुलमोहराची फांदी तोडून आणली तर दुपारपर्यंत माना टाकते. केळीला हे कसं जमतं?

खांब आडवा कापून पाहिला की उत्तराची सुरुवात सापडते. आत लाकूड नाहीच. कांद्यासारखे एकात एक गुंडाळलेले पापुद्रे दिसतात आणि यातला प्रत्येक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचा देठाखालचा भाग. बाहेरचे पापुद्रे जुन्या पानांचे, आतले नव्या पानांचे आणि अगदी मधोमध गुंडाळी करून बसलेला पोगा, म्हणजे अजून न उलगडलेलं पान. घड यायच्या आधीच्या केळीत सात-आठ फुटांचा तो सगळा डोलारा निव्वळ पानांचा असतो. खरं खोड जमिनीखाली असतं, ज्याला आपण कंद किंवा गड्डा म्हणतो. वाढीचा कोंब तिथेच, मातीच्या पातळीजवळ दडून असतो. निसवायची वेळ आली की खरं खोड त्या पापुद्र्यांच्या मधून वाट काढत वर चढतं आणि शेंड्याला केळफूल बाहेर पडतं. केळ हे झाड नसून जगातल्या सर्वांत मोठ्या, लाकूड नसलेल्या मऊ वनस्पतींपैकी एक आहे, असं वनस्पतिशास्त्र सांगतं ते यामुळेच.

तेव्हा आपण घरी आणतो ती पानांची जुडी असते. पण ती पाण्याने गच्च भरलेली असते. खांबाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच. पापुद्र्यांत हवेचे लांबट कप्पे आहेत, त्यांच्या भिंतींतल्या पेशी पाणी धरून ठेवतात. कापल्यानंतर पानं आधी या साठ्यावर जगतात.

दुसरं कारण पानाच्या स्वभावात आहे. मे महिन्याच्या तापीकाठच्या उन्हात ठिबकवरच्या एका केळीला दिवसाला वीस लिटरांच्या आसपास पाणी लागतं. एवढी तहान असलेली वनस्पती पाणी तुटलं की लगेच मान टाकेल असं वाटतं. केळ मात्र पाण्याची चणचण फार लवकर ओळखते आणि पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेते. वाढ थांबली तरी चालेल, पण पानातलं पाणी जाऊ द्यायचं नाही, अशी तिची रीत. भर दुपारी मळ्यात गेलात तर तिची दुसरी युक्तीही दिसेल. पानाच्या मधल्या शिरेला लागून दोन्ही बाजूंना फिकट पट्ट्या असतात. त्यांच्यातल्या पेशींचा दाब उतरला की पानाचे दोन्ही अर्धे भाग खाली झुकतात, ऊन कमी लागतं आणि सर्वाधिक छिद्रं असलेली खालची बाजू आडोशाला जाते. घरातल्या खांबाची पानं अशी झुकली तर ती मेली असं समजू नका, ती पाणी वाचवत असतात.

मूळ नसताना खांब पाणी पिऊ शकतो का? हो. जर्मनीत बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी १८९१ साली याची फार धीट परीक्षा घेतली. सुमारे वीस मीटर उंचीचा ओक बुंध्याशी कापून तो त्यांनी विषारी पिक्रिक आम्लात उभा केला. विष वाटेतल्या जिवंत पेशी मारत वर चढत गेलं आणि तरीही पाणी शेंड्यापर्यंत पोचत राहिलं. म्हणजे पाणी वर न्यायला मुळाची किंवा खोडातल्या जिवंत पेशींची गरज नाही. पानांतून उडणारं पाणी खालचं पाणी ओढून घेतं, आणि बारीक नळ्यांतली ती पाण्याची अखंड दोरी तुटत नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हाच विचार सिद्धांत म्हणून मांडला. केवढी साधी आणि केवढी अफाट गोष्ट आहे ही!

फक्त त्या दोरीत हवा शिरता कामा नये. कापल्याक्षणी नळ्या हवा आत ओढतात, त्यात केळीचा चीक कापावर वाळून थर धरतो. म्हणून मळ्यातून आणलेला खांब तसाच उभा न करता बुडाची दोन-तीन बोटं जाडीची चकती धारदार विळ्याने पुन्हा उडवावी आणि ताजा काप लगेच पाण्यात बुडवावा. परदेशी राहणारी मराठी कुटुंबं डिसेंबरात नाताळासाठी तोडलेलं फरचं झाड घरी आणतात, तिथेही हाच नियम चालतो. बुंध्याची पातळ चकती कापायची, ताबडतोब साध्या पाण्यात ठेवायचं आणि पाणी कधीही कापाच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

केळीसाठी आणखी थोडं. खांब पहाटे कापावा, रात्रभर मुळांनी पाणी भरलेलं असतं. चीक अंगणातच निथळू द्यावा, कपड्यावर पडला तर त्याचा काळा डाग जन्मभर राहतो. खालची मोठी पानं काढून वरची तीन-चार आणि पोगा ठेवावा, कारण प्रत्येक पान साठ्यातलं पाणी खर्च करतं. घमेल्यात ओली वाळू आणि पाणी घालून त्यात खांब रोवला की तो पडतही नाही. पंख्याचा झोत आणि हॅलोजन दूर ठेवा, पाणी रोज बदला. वाटेत पान फाटलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते शिरांना समांतर फाटतं, शिरा तुटत नाहीत आणि प्रत्येक पट्टी जिवंत राहते.

खांब नेल्यावर मळ्यात काय घडतं तेही एकदा जाऊन पाहा. कापलेल्या बुडख्याच्या मधोमध पांढुरकी गुंडाळी दुसऱ्या दिवशी कापाच्या वर बोटभर तरी आलेली असते. पानाची वाढ बुडाशी होते आणि बूड तर कंदापाशी शाबूत असतं, त्यामुळे शेंडा कापल्याचं त्याला जणू कळतच नाही.

तरीही माझं सांगणं एवढंच की, खांबासाठी घड धरणारी केळ कापू नका. बागेत मुख्य खोडाशेजारची जादा पिलं शेतकरी अधूनमधून काढतच असतो, त्यांतलं एखादं मागून घ्या. जमलं तर ते कापूही नका. पहारीने गड्ड्यासकट खणून घ्या, बादलीभर मातीत ठेवून देवीपुढे उभं करा आणि विसर्जनानंतर परसात, सांडपाण्याच्या वाटेवर लावा. कापलेला खांब असेल तर तो नदीत सोडू नका. त्यात पालाश भरपूर असतं, त्याचे तुकडे करून शेणखताच्या खड्ड्यात टाका.