अंदमानला जायचं, तर खायचं काय आणि बघायचं काय?

गटाची सहल म्हटली की आपली यादी ठरलेली असते. पंढरपूर, तुळजापूर, फार तर अष्टविनायक. पण हल्ली बैठकांमधून एक नवं नाव कानावर येतं, ते म्हणजे अंदमान. मग प्रश्न सुरू होतात. तिथे आपल्या पोटाला मानवेल असं जेवण मिळेल का? माळकरी बाईने काय करायचं? पोहता येत नाही, मग समुद्रात जाऊन बघायचं काय? आज आपण या प्रश्नांची उत्तरं बघू. त्याआधी एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. बेटावर गेलं की खायचं ते तिथलं, आणि बघायचं ते हात न लावता. असं का, ते बोलता बोलता कळेल.

अंदमान आपल्याच देशात आहे, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही. आधारकार्डासारखं ओळखपत्र मात्र जवळ हवं. चेन्नईहून समुद्रावरून साधारण तेराशे-चौदाशे किलोमीटर अंतर आहे. विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात, जहाजाने जवळजवळ तीन दिवस. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचं नाव श्री विजय पुरम झालं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. तसंच हॅवलॉक बेट आता स्वराज द्वीप आहे आणि नील बेट शहीद द्वीप. ही नावं २०१८ साली बदलली. बोटीचं तिकीट काढताना दोन्ही नावं माहीत असली म्हणजे गोंधळ होत नाही.

आणखी एक गंमत आहे. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. आपण चहा ठेवतो त्या वेळी तिथे दिवेलागण! म्हणून आपल्या नेहमीच्या सवयीने पहाटे उठायचं आणि बघण्याची कामं सकाळीच उरकायची.

आता जेवणाचं बघू. अंदमानात बाहेरून येऊन वसलेली माणसंच जास्त आहेत. इंग्रजांनी कैदी नेले, सुटल्यावर त्यातले कित्येक तिथेच राहिले. जंगलातल्या कामाला छोटा नागपूरकडचे आदिवासी मजूर नेले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना इथे जमीन देऊन वसवलं. तमिळ आणि तेलुगू माणसं आली. ज्याने त्याने आपली चूल बरोबर आणली. बोलायला सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी, म्हणजे आपलीही अडचण नाही.

म्हणून पोर्ट ब्लेअरच्या अबर्दीन बाजारात सकाळी इडली, डोसा, सांबार मिळतं. दुपारी भात, वरण, भाजी, रस्सम अशी थाळी मिळते. माळकरी बायकांनी दक्षिणी पद्धतीचं शाकाहारी हॉटेल शोधावं, उपाशी राहावं लागत नाही. हॅवलॉक आणि नीलमध्ये वस्ती मुख्यतः बंगाल्यांची. तिथे बाजारात आणि जेट्टीजवळ लहान खाणावळी असतात. भात, डाळ, वांग्याचे तळलेले काप आणि माशाचा पातळ रस्सा हे तिथलं रोजचं जेवण. बंगाली घरात मोहरीचं तेल वापरतात. त्याचा वास आपल्याला पहिल्या घासाला उग्र वाटतो, दुसऱ्या दिवशी जीभ सरावते. भाकरी मात्र मिळणार नाही, भातावरच भागवायचं. चटणी-ठेचा नेणार असाल, तर डबा मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या पिशवीत नको.

मासे खाणाऱ्यांची तर चंगळच. पण शेवंड, मोठे खेकडे आणि मोठा मासा वजनावर विकतात. शिजवायला सांगण्याआधी वजन आणि दर दोन्ही विचारून घ्या. मासा दाखवायला सांगा. डोळा चमकदार आणि कल्ले लालभडक असले म्हणजे ताजा. यात आपल्याला कुणी फसवू शकत नाही.

आता ‘तिथलं खायचं’ असं का म्हटलं, ते सांगतो. बेटावर कांदा, बटाटा, डाळ, तेल, गॅस हे बहुतेक सगळं जहाजाने येतं. जहाज लांबलं की भाव चढतात. बेटावरचं आपलं असं म्हणजे मासे, नारळ, केळी, पपई आणि थोडा भाजीपाला. नील बेटावर भाजी चांगली पिकते आणि तिथून ती इतर बेटांवर जाते. आपण दूरवरून आणलेलं काही मागितलं, तर ते महागही पडतं आणि पैसाही बेटाबाहेर जातो. खाणावळीत मासे-भात खाल्ला, रस्त्याकडेला शहाळं प्यालं, तर तोच पैसा मासेमाराच्या आणि भाजीवालीच्या हातात पडतो. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला हा हिशेब वेगळा समजावून द्यायला नको.

पाण्याचंही तसंच. पाऊस भरपूर, पण मोठ्या नद्या नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात टंचाई होते. आपण टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या. तिथे बादलीभर पाण्यात अंघोळ करणं आपल्याला जड जाऊ नये. प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेण्याऐवजी आपली बाटली न्या आणि राहत्या ठिकाणी गाळलेलं पाणी भरून घ्या. बेटावर कचरा टाकायला दुसरी जागा नसते. इकडे नाही तर समुद्रात, एवढंच.

आता बघायचं काय? पोर्ट ब्लेअरमध्ये सगळ्यात आधी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधलं. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीन उरल्या आहेत. एका माणसाची एक कोठडी, आणि एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. घाण्याला माणूस जुंपून रोज ठरलेलं तेल काढून घ्यायचे. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू इथेच होते. घरी पत्र लिहायला मिळायचं वर्षातून एक. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ साली नवऱ्याची भेट न होताच वारल्या. जेल बघताना आत कोंडलेल्या माणसांची आठवण सगळे काढतात. बाहेर वाट बघत राहिलेल्या बायकांचीही आपण काढू या.

मग समुद्र. हॅवलॉकचा राधानगर किनारा लांबच लांब आणि पांढऱ्या वाळूचा आहे, सूर्यास्त तिथे बघावा. नीलमध्ये लक्ष्मणपूरला समुद्राने खडक कोरून केलेली नैसर्गिक कमान आहे. तिथे जायला खडकांवरून चालावं लागतं, म्हणून ओहोटीची वेळ विचारून जा आणि पकड असलेली चप्पल घाला. साडी नेसून पाण्यात खोल जाऊ नका. भिजलेली साडी पायांत अडकते. खाडीच्या भागात मगरी असतात. जिथे पाण्यात जाऊ नका असा फलक आहे, तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही.

पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट असते. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर आणि वंडूरहून जाणाऱ्या जॉली बॉय बेटावर ती मिळते. बसल्या जागेवरून पायाखाली रंगीत मासे आणि पोवळी दिसतात. हो, मंगळसूत्रात ओवतात ते पोवळंच, त्याचेच हे भाऊबंद. दिसायला दगड, पण त्या दगडावर बारीक जीव राहतात आणि तेच ते घर बांधतात. त्यांच्या कितीतरी जाती वर्षाकाठी जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या वाढतात. आपला एक पाय पडला की कित्येक वर्षांचं काम मोडतं. म्हणून पोवळ्यावर उभं राहायचं नाही. मेलेलं पोवळंही उचलायचं नाही, आणि किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आठवण म्हणून आणायचे नाहीत. परत येताना विमानतळावर सामान तपासतात आणि कायद्याने कारवाई होऊ शकते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानात नेऊ देत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

जॉली बॉयला जायला परवाना लागतो आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत. ते वर्षातले काही महिने बंद असतं, तेव्हा शेजारचं रेडस्किन बेट उघडतात. आपण जमिनीला विसावा मिळावा म्हणून बेवड करतो ना, तसाच हा समुद्राचा विसावा.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. पोर्ट ब्लेअरहून बारातांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला नेतात. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवा थोडे शेकडा उरले आहेत. बाहेरच्या माणसांकडून गोवरासारखे आजार गेले, तर त्यांच्या जिवावर बेततं. तरी काही लोक गाडीतून त्यांना खाऊ टाकत, फोटो काढत. हा कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी विचार करा, आपल्या अंगणात अनोळखी माणसांनी गाडी थांबवून आपल्यावर बिस्किटं फेकली, तर कसं वाटेल? आमचं मत असं, की गटाच्या सहलीतून बारातांग वगळावं. आदिवासींचं जगणं समजून घ्यायचं तर पोर्ट ब्लेअरला मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. त्यांच्या होड्या, धनुष्यबाण, टोपल्या तिथे निवांत बघता येतात.

शेवटी नियोजन. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. बेटांमध्ये सरकारी बोट स्वस्त पडते, खासगी बोट लवकर पोचते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, म्हणजे बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. लहान बेटांवर फोनची रेंज बेभरवशाची, म्हणून थोडी रोख रक्कम प्रत्येकीकडे असू द्या, सगळी एकीच्या पिशवीत नको. खर्चाचं म्हणाल, तर कर्जवाटपाच्या पैशाला हात न लावता सहलीची वेगळी वर्गणी सुरू करा. वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील. हिशेबाची वही मात्र वेगळी ठेवा.

येत्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचा आणि जायला कोण कोण तयार आहे ते विचारा. ‘घरचं कोण बघेल?’ हा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर घरातल्या बाकीच्यांना शोधू द्या. आठवडाभर दुसऱ्याने रांधलेला भात बसून खायचा हक्क आपलाही आहे.