१, १६, १६९... ही क्रमिका कुठे थांबते का?

एक साधा खेळ घेऊया. १ ही वर्गसंख्या. तिच्या उजवीकडे अंक जोडत जायचे, पण दर टप्प्यावर मिळणारी संख्या पूर्ण वर्गच हवी, आणि शक्य असेल त्यातली सगळ्यात लहान घ्यायची. १ नंतर १६, मग १६९. पुढे?

एकच अंक जोडायचा म्हटलं तर इथेच गाडी अडते. ४१ चा वर्ग १६८१ आणि ४२ चा थेट १७६४. मध्ये १६९ ने सुरू होणारं काहीच नाही. दोन अंक चालतील म्हटलं तर १६९००. पण दोन शून्यं लावून कुठलाही वर्ग वाढवता येतो, त्यात शोधायचं काय? म्हणून नियम नीट करू: अंक कितीही जोडा, पण शेवटी शून्य नको.

आता पदं अशी येतात:

१
१६
१६९
१६९७४४ (४१२ चा वर्ग)
१६९७४४४१७९६ (१३०२८६ चा वर्ग)
१६९७४४४१७९६६०१७२९२४१७६ (४१२०००५०७२४ चा वर्ग)

हे असंच कायम चालेल का? सहा पदं मिळाली म्हणून 'हो' म्हणू नका. मूळ संख्यांमध्ये एकेक अंक जोडत ७, ७३, ७३९ असं गेलात तर ७३९३९१३३ पर्यंत आठ पदं झकास मिळतात, आणि तिथे वाट बंद होते. संगणक पदं देतो, खात्री देत नाही.

खात्रीसाठी कागद-पेन पुरतं. समजा आत्ताचं पद न² आहे. १०, १००, १००० यांपैकी २न पेक्षा मोठी असलेली पहिली संख्या घ्या, तिला द म्हणू. आता

(न×द + १)² = न²×द² + (२×न×द + १)

द हा २न पेक्षा मोठा, म्हणून कंसातली शेपटी द² पेक्षा लहानच राहते. म्हणजे ती न² च्या अंकांना धक्का लावत नाही, आणि शेवटचा अंक १ येतो. पुढचं पद नेहमीच सापडणार. झाली सिद्धता!

पण तिने नेमकं काय दिलं, तेही बघा. न = ४१२ घेतलं तर द = १०००, आणि ४१२००१ चा वर्ग १६९७४४८२४००१. इथे सहा अंक जोडले. प्रत्यक्षात पाचांत काम झालं होतं. म्हणजे सिद्धतेने पद 'असणार' एवढं सांगितलं आणि वरची मर्यादा दिली. सगळ्यात लहान पद शोधावंच लागतं. पदांतल्या अंकांची संख्या १, २, ३, ६, ११, २२ अशी साधारण दुपटीने का वाढते, याचा धागाही त्या मर्यादेतच आहे.

संशोधनात 'आहे', 'सापडलं' आणि 'सगळ्यात लहान' हे तीन वेगळे दावे असतात. प्रबंधात एकाच्या जागी दुसरा लिहिलात, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

आता ४ पासून सुरू करा: ४, ४९, ४९२८४... पुढचं पद तुम्ही काढा. आधी मर्यादा लिहा, मगच प्रोग्रॅम चालवा.