कार्यालयाची सामाईक वही : ‘विकी’ आणि अधिकारीवर्ग

सुरत शहराच्या आग्नेय भागातील डिंडोली खानदेशी माणसाला परकी वाटत नाही. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर व कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांत कामासाठी गेलेली असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही शहरात चालतात. मध्यंतरी एका कौटुंबिक कार्यानिमित्त प्रस्तुत लेखकाचे तेथे जाणे झाले असता, एका कापडरंगाईच्या कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख असलेल्या भाच्याने आपली अडचण सांगितली.

त्याने कारखान्यासाठी ‘विकी’ उभारला होता. रंगांची मिश्रणे, यंत्रांतील बिघाड व त्यांवरील उपाय ही माहिती सर्वांनी मिळून एका ठिकाणी लिहावी, हा हेतू. आठ महिन्यांत पाने झाली अकरा, आणि ती अकराही त्याच्याच हातची. “मामा, साहेब लोक म्हणतात, तू लिहीत जा, आम्ही बघून घेऊ,” असे तो म्हणाला. दरम्यान जुने कलर मास्तर नोकरी सोडून शहाद्याकडे आपल्या गावी परतले. पॉलिएस्टर कापड दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानास रंगविले जाते आणि पाण्याचा दुष्फेनपणा थोडा बदलला तरी छटा बदलू शकते. अशा वेळी प्रमाण कसे बदलावे, हे मास्तरांच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. पुढील कित्येक आठवडे एक ठरावीक मोरपंखी छटा जुळली नाही व माल परत आला.

ही अडचण एका कारखान्यापुरती नाही. बदली होणारा अभियंता, निवृत्त होणारा अव्वल कारकून किंवा पाणीपुरवठ्याची प्रत्येक झडप ठाऊक असलेला ग्रामपंचायतीचा कर्मचारी गेला, की कार्यालयाची निम्मी स्मृती त्याच्याबरोबर जाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागून सुरतेचा फार मोठा भाग जलमय झाला. अशा प्रसंगी कोणत्या गल्लीत पाणी प्रथम शिरते आणि कोणता पंप हटकून बंद पडतो, हे सांगणारा मनुष्य शोधण्यात वेळ जाणे परवडत नाही.

विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल अशी संगणकावरील पाने. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. नाव सुचले ते होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे त्वरित. त्याचे पहिले वापरकर्ते संगणक-व्यावसायिकच होते. तेव्हा तंत्रविभागांच्या प्रमुखांना विकी शिकवावा लागतो, हे ऐकून काहींना नवल वाटेल. त्यांना तंत्र शिकवावे लागत नाही. अपूर्ण लिहिण्याची आणि कनिष्ठाकडून दुरुस्त होण्याची सवय मात्र लावावी लागते, आणि ती फार जड जाते.

आपल्या फायलीचा प्रवास आठवावा. लिपिक टिप्पणी लिहितो, ती पायरीपायरीने वर चढते आणि अखेरच्या स्वाक्षरीनंतरच मजकूर अधिकृत होतो. २००० साली सुरू झालेल्या ‘न्यूपीडिया’ या ज्ञानकोशाची रीत अशीच होती : तज्ज्ञांचे लेख आणि तपासणीच्या सात पायऱ्या. २००३ मध्ये तो बंद पडला, तेव्हा दोन डझनांच्या आसपास लेख पूर्ण झाले होते. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेल्या विकिपीडियात आधी प्रकाशन व नंतर दुरुस्ती हा क्रम होता. त्या वर्षाच्या अखेरीस तेथे सुमारे २० हजार लेख झाले. यावरून तज्ज्ञांची तपासणी निरर्थक ठरत नाही. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तो आपला मराठी विश्वकोश तज्ज्ञांच्याच साक्षेपामुळे विश्वसनीय झाला आहे. परंतु कार्यालयाच्या रोजच्या अनुभवाला विश्वकोशाची रीत लावली, तर अनुभव लिहिलाच जात नाही. आदेश व मंजुऱ्या फायलीवरच असाव्यात. ‘हे काम प्रत्यक्षात कसे करतात’ एवढेच विकीवर यावे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. तेथील स्वयंसेवकांनी या कामासाठी जी परिभाषा रूढ केली, ती अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासही उपयोगी पडते. नवख्याने सराव करण्याच्या पानाला तेथे ‘धूळपाटी’ म्हणतात. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवीत आणि चुकले की हाताने पुसून टाकीत. इंग्रजीत याच पानाला वाळूचा खेळखड्डा म्हणतात, त्यापेक्षा आपला शब्द अधिक समर्पक आहे, असे नम्रपणे वाटते. सामाईक प्रश्नांची चर्चा होते ती ‘चावडी’. प्रत्येक पानामागे ‘चर्चा’ व ‘इतिहास’ असतात. इतिहासात कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे नोंदले जाते आणि पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. “कोणी काही बिघडवले तर?” या वरिष्ठांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. जे पान अद्याप लिहिलेले नाही, त्याचा दुवा लाल दिसतो.

प्रशिक्षणात व्याख्यान थोडके असावे. प्रथम एका पानावर मुद्दाम चुका ठेवून त्या विभागप्रमुखांकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात. मग त्यांनी स्वतःच्या कामाची दहा ओळींची माहिती धूळपाटीवर लिहावी आणि त्यांच्याच लिपिकाने अथवा फिटरने त्यांच्यादेखत ती सुधारावी. हा क्षण कठीण असतो. तो हसतखेळत पार पडला, तर पुढील काम सोपे होते. साहेबांच्या कपाळावर आठी दिसली, तर हाताखालचे कोणीही पुन्हा त्या पानाला हात लावीत नाही.

उभारणीबाबत थोडेसे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यास डेटाबेस लागतो. लहान कार्यालयास डोकुविकी पुरेसा होतो, कारण तो पाने साध्या मजकूर-फायलींत ठेवतो. विकी केवळ कार्यालयापुरता ठेवता येतो. व्यापारी गुपिते उघड होतील ही भीती यास्तव अनाठायी होय. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टांतील लेखन शोधता येत नाही. नागरिकांची खाजगी माहिती तेथे लिहू नये. पानांची प्रत नियमित काढावी आणि ती उघडून पाहावी. विस्कळित पाने नीट लावणारा एक ‘माळी’ नेमावा व हे काम त्याच्या कर्तव्यसूचीत लिहावे, फावल्या वेळेवर सोडू नये.

भाच्याने पुढच्या महिन्यात चार विभागप्रमुखांना घेऊन हा प्रयोग केला. बॉयलरविषयीच्या पानावर व्यवस्थापकांनी लिहिलेला दाब फिटरने बदलला. व्यवस्थापकांनी चर्चापानावर ‘बरोबर’ एवढाच शब्द लिहिला. पाने आता चाळीसच्या वर गेली आहेत. मोरपंखी छटेचा दुवा मात्र अजून लालच आहे. आखाजीला गावी जाईन तेव्हा मास्तरांकडे बसून ते पान लिहून आणीन, असे त्याने कळविले आहे.