रांगेतली जागा

दोन कंपन्या, एक पाटी : लेखांक ५

विलीनीकरणाची घोषणा झाली की ऑफिसात पहिली कुजबुज नोकरीची असते. कोण राहणार, कोणाला नारळ मिळणार? त्याबद्दल मागच्या दोन लेखांकांत लिहिलं. ज्यांची नोकरी वाचते त्यांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न घर करून बसतो आणि तो उघडपणे विचारायला संकोच वाटतो. तो म्हणजे, आता मी कोणाच्या मागे?

आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक उदाहरण एअर इंडियाचं. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या. विमानांवर एकच नाव आलं, पण इंडियन एअरलाइन्सचा ‘आयसी’ हा उड्डाण-कोड २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू राहिला. माणसं तर त्यानंतरही आयसीवाले आणि एआयवाले अशीच ओळखली जात. संघटना दोन, पगाराची पद्धत दोन, बढतीचे नियम दोन. मालमत्ता, कर्ज, विमानं यांचा हिशेब आधी झाला. कोणता कर्मचारी कोणाच्या वर, हे ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडलं.

हे ‘नंतर’ महागात पडलं. एप्रिल २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहा दिवस संपावर गेले. त्यांची मागणी होती, कंपनी एक तर पगारही एकसारखा द्या. पगार-बढतीचा हा गुंता सोडवायला सरकारने न्या. धर्माधिकारी समिती नेमली ती त्या मे महिन्यात, आणि तिचा अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये. म्हणजे लग्न २००७ मध्ये आणि मानपानाची बोलणी साडेचार वर्षांनी!

त्यानंतर चारच महिन्यांत दुसऱ्या बाजूने उचल खाल्ली. या वेळी संपावर गेले ते मूळ एअर इंडियाचे वैमानिक, तेही तब्बल ५८ दिवस. निमित्त होतं ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणाचं. ही २७ विमानं एअर इंडियाने २००६ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाच्या आधी मागवली होती. ती उडवायला शिकण्याची संधी इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार म्हटल्यावर ‘आमच्या विमानांवर हे का?’ असा सूर लागला. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटला, मलाही तो पूर्ण रास्त वाटत नाही. शेवटी त्यात होरपळले ते प्रवासी. पण वैमानिकाच्या जागी बसून हिशेब करा. कोणतं विमान मिळणार त्यावर देशातल्या देशात फिरायचं की परदेशी जायचं हे ठरतं, भत्ते ठरतात, कमांडर कधी होणार तेही ठरतं. दोन्ही कंपन्यांत बढतीचा वेग सारखा नव्हता. मग एकत्र यादी कशी लावायची? रुजू झाल्याच्या तारखेने, की हुद्द्यावर आल्याच्या तारखेने? पहिली पद्धत एका गटाला खाली ढकलते, दुसरी दुसऱ्याला. दोघंही खूश होतील अशी यादी निघत नाही. म्हणूनच व्यवस्थापनं ती पुढे ढकलतात.

ज्यांच्या ऑफिसात अशी एकत्रित ज्येष्ठता यादी लागली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, पण नजर तिथे ठरत नाही. ती लगेच वर जाते. मधे कोण घुसलं, त्याचं जन्मसाल काय, तो निवृत्त कधी होणार. चार ओळी खाली गेलो म्हणजे बढती नेमकी किती वर्षं लांबली, हा हिशेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडपाठ झालेला असतो. पगारात एक रुपया कमी झालेला नसतो. तरी दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की पिशवी उचलून निघणं सुरू होतं.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्या काळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ होतं. धंद्याची मालकी बदलली तर कामगाराची सेवा अखंड धरावी आणि सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसाव्यात, नाहीतर भरपाई द्यावी, असा त्याचा आशय. पण पलीकडून आलेल्या माणसाच्या तुलनेत तुम्ही कुठे उभे, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नव्हतं.

स्थलांतराचं दुखणं याच जातीचं. एअर इंडियाचं मुख्यालय २०१३ मध्ये नरिमन पॉइंटवरून दिल्लीला गेलं. समुद्रासमोरची ती २३ मजली इमारत पुढे महाराष्ट्र सरकारने १६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं. मुख्यालय हललं की मुंबईत राहिलेला माणूस आपोआप शाखेचा माणूस होतो. फाइल दिल्लीला जाते, बढतीची मुलाखतही तिकडेच. ज्याची मुलं इथल्या शाळेत, बायकोची नोकरी इथली, आईवडील थकलेले, तो बदली नाकारतो आणि रांगेत आणखी मागे सरकतो. २०२२ च्या जानेवारीत टाटांनी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा कर्मचारी होते १२,०८५, त्यांतले कायम ८,०८४. वर्षभर कोणाला काढायचं नाही अशी अट करारात होती. पण कलिनाच्या कर्मचारी वसाहतीतली घरं सोडायला सांगितलं गेलं, आणि तो वाद कोर्टात गेला. नोकरीची हमी आणि घराची नोटीस एकाच घरात आली.

टाटांनी आपली विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात आणली ती १२ नोव्हेंबर २०२४ ला. या वेळी तयारी बरीच आधीपासून होती, तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विस्ताराचे वैमानिक रजेवर गेल्याने उड्डाणं रद्द करावी लागली. नव्या करारात ठरावीक पगार ७० ऐवजी ४० तासांच्या उड्डाणावर येत होता. दुसरीकडे तेव्हा एअर इंडियात निवृत्ती ५८ व्या वर्षी होती आणि विस्तारात ६० व्या. एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने दोन वर्षं आधी घरी जायचं, हे कोणाच्या गळी उतरणार होतं? माझ्या मते नवा लोगो, गणवेश आणि एकत्र सहलींवर खर्च करण्याआधी कंपनीने फक्त दोन गोष्टी लेखी द्याव्यात, एकत्रित यादीचा नियम आणि ती लागण्याची तारीख. नियम कटू असला तरी चालेल. माणसं त्याविरुद्ध भांडतील, कोर्टात जातील, पण निदान कशाविरुद्ध भांडायचं ते त्यांना कळेल.

पुढच्या आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीबद्दल. तिच्यात स्वेच्छा किती असते, आणि हातात पडलेली रक्कम घरात कशी वाटली जाते, ते पाहू.